बदली येईपर्यंत

२३ मार्च

डायरी कुणाला सापडली तर: अण्णाराव, गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा चेअरमन, घराखाली कापडाचं दुकान. आणून द्यावी, वाचू नये.

लिहायची मला हौस नाही. वडवणीच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, माझ्याकडे न बघता गंगासागरकडे बघितलं आणि म्हणाले, "यांना चिडू देऊ नका." गंगासागर म्हणजे आमची मंडळी. तिनं वाटेतच तोड काढली. "ज्याला जे बोलायचंय ते आधी लिहा. लिहून झाल्यावरबी बोलावं वाटलं तर मग बोला." डायरी तिनंच आणून दिली.

चिडू नको म्हणे. पाऊस दगा देऊन दुसरं वर्ष. संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली आहे, चार गावची गुरं आणि त्यांच्यामागे आलेली माणसं तिथं बसून आहेत. ऊसतोडीवरून परतलेल्या टोळ्या घरी न जाता थेट छावणीतच उतरल्या, कारण घरच्या विहिरीत बादली आपटते. टँकर येतो, पाणी प्लास्टिक अंथरलेल्या हौदात पडतं आणि तिथून कॉक सोडून गावागावाच्या पाळीनं जनावरं पाजायची. साधी गोष्ट आहे. पण अकरा संचालक असले की साधी गोष्ट साधी राहत नाही.

एक आनंदाची बातमी आहे. शिवगंगा येते आहे. सुट्टी नाही म्हणाली, घरून काम करणार आहे. चांगला महिनाभर.

२६ मार्च

पोर आली. वाळली आहे. गंगासागर म्हणते जशी होती तशीच आहे, पण आईला काय दिसतंय.

शिवगंगा आमची एकुलती एक. जहाजावर इंजिनियर होती सहा-सात वर्षं. तेव्हा लोक विचारायचे, पोरगी काय करते, आणि मी सांगायचो, जहाजाचं इंजिन चालवते, आणि लोक हसायचे, कारण आमच्या तालुक्यात बोट म्हणजे फक्त हाताचं. आता दोन वर्षं मुंबईत ऑफिसात आहे. काम काय तर नियम तपासायचे. आज जेवताना मी खोदून विचारलं तेव्हा नीट सांगितलं.

अणुशक्तीवर चालणारी मालवाहू जहाजं. जगात मोजकीच झाली. त्यांच्या सुरक्षेचे नियम लंडनमधल्या सागरी संघटनेनं १९८१ साली केले. तेव्हाच्या एकाच जातीच्या अणुभट्टीसाठी. आता नव्या जातीच्या भट्ट्या निघाल्यात, लोकांना पुन्हा अशी जहाजं बांधायची आहेत, आणि नियम जुनेच. म्हणून देशोदेशीची माणसं मिळून नवा मसुदा करताहेत. आपल्याकडून सूचना पाठवणाऱ्या गटात हिचं नाव.

मी म्हणालो, "सूचक कोण? अनुमोदक कोण?"

"अप्पा, तुमची जनरल बॉडी नाही ती."

"जनरल बॉडीच हाय. जहाजावाले शेअरहोल्डर, लंडनचा चेअरमन. मंजूर कशी व्हते?"

"सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात."

"मग झालंच," मी म्हणालो. पोर खळखळून हसली. घर भरल्यासारखं वाटलं.

३० मार्च

आज लिहितोय ते बंकटला बोलायचं होतं. खरं तर बोललोही. गंगासागरचा उपाय उलट्या क्रमानं केला.

काल हौद कोरडा पडला. टँकर आलाच नाही, कारण टँकरवाल्याला फोनच गेला नाही. जनावरं दिवसभर हंबरत होती. छबुबाईच्या गाईनं रिकामा हौद चाटला. छबुबाई एकटी बाई, नवरा मागंच वारला, मुलं नाहीत, एक गाय घेऊन छावणीत राहते. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं.

फोन का गेला नाही? मी इतिवृत्त काढून बघितलं. ठराव मी स्वतःच मांडलेला: "पाण्याच्या व्यवस्थेकडे सर्व संचालकांनी लक्ष द्यावे. सर्वानुमते मंजूर." अकरा माणसं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं फोन केला असेल.

सभेत मी ओरडलो. उपाध्यक्ष बंकट म्हणाला, "कावून बोंबलतो बे अण्णा? ठराव तुझाच व्हता न्हवं?" बंकट माझा शाळेपासूनचा मित्र आहे, म्हणून जिवंत आहे.

पण बोलला ते खरं. मग मी दुसरा ठराव केला. रोज पाण्यावर एकच माणूस. संचालक असो की शेतकरी, बाप्या की बाई. त्याचं नाव सकाळी फळ्यावर खडूनं लिहायचं. आणि खाली ठळक: बदली आल्याशिवाय जागा सोडू नये. हे ठळक मी स्वतः लिहिलं.

२ एप्रिल

छावणी सुतासारखी सरळ चालली आहे. फळ्यावर नाव दिसलं की माणूस बदलतो. छबुबाईची काल पाण्यावरची पहिली पाळी झाली. नाव वाचता येत नाही, तरी फळ्यासमोर उभी राहून "ह्येच का माजं?" म्हणून दोनदा विचारून गेली. पदर खोचून हौदाशी अशी उभी राहिली, की बंकटच्या बैलांनीसुद्धा पाळी मोडली नाही.

दुपारी शिवगंगा छावणीत आली होती. फळा बराच वेळ बघत होती. घरी येताना विचारलं, "अप्पा, एक सांगा. जहाज अडचणीत आलं. कप्तानानं सगळ्यांना उतरायला सांगितलं. भट्टी बंद केली आहे. अशा वेळी कुणी मागं राहावं की नाही?"

"भट्टी बंद केली तर आता कशाला ऱ्हायचं?"

"बंद केली तरी आत धग राहते. दिवसेंदिवस राहते. तिला गार ठेवत राहावं लागतं, नाहीतर सगळं बिघडतं. नव्या भट्ट्या आपोआप गार राहतील असं म्हणतात. पण बघायला तरी कुणी हवं ना?"

"म्हंजे भाकड म्हशीसारखं," मी म्हणालो. "दूध बंद झालं म्हणून पाणी बंद करता येत न्हाई."

तिनं हे तिथल्या तिथं मोबाइलवर टिपून घेतलं. मग म्हणाली, एका देशाची सूचना आली आहे, की अशा वेळी "संबंधित पात्र व्यक्तींनी योग्य ती देखरेख ठेवावी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रस्त्यातच उभा राहिलो. "संबंधित? पात्र? योग्य ती? अगं, ह्यो तर माझाच ठराव हाय! त्या लंडनवाल्यांना सांग, हौद कोरडा पडंल. एक माणूस ठरवा. आधीपासून ठरवा. जहाज निघायच्या आधी त्याला सांगा, की तू ऱ्हायचं. आणि बदली आल्याबिगर हलायचं न्हाई."

तिनं मोबाइल बंद केला. "आणि तो माणूस कुणाच्या घरातला असला तर?"

"कुणाच्या तरी घरातला असणारच की. आभाळातून पडतो का काय?"

"बरोबर आहे," म्हणाली. नंतर घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. उन्हाचा त्रास झाला असावा. मी गंगासागरला पन्हं करायला सांगितलं.

५ एप्रिल

घरात काहीतरी शिजतंय आणि मला कुणी ताकास तूर लागू देत नाही.

आज शिवगंगाच्या नावानं पार्सल आलं. ऊन असं, की दुकानात थान उलगडलं तर कापडसुद्धा तापलेलं लागतं, आणि पार्सलात काय, तर लोकरीचे आतले कपडे, हातमोजे, कान झाकायची टोपी. मी विचारलं तर गंगासागर म्हणाली, "ऑफिसात एशी लई असतो." एसीला कानटोपी?

परवा दोघी बीडला जाऊन आल्या. दवाखान्यात. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, डोळे तपासले. मी घाबरलो, तर म्हणे सगळं ठणठणीत आहे, सहज. आणि संध्याकाळी गच्चीवर बसून कुठल्यातरी भाषेचे शब्द घोकते. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. घशात काहीतरी अडकल्यासारखी भाषा आहे. मला बघून कानातलं काढून ठेवलं आणि लाजली.

मी कापडवाला आहे, गिऱ्हाईक दारात आलं की साडी बघायला आलंय की शर्टपीस, हे मला कळतं. हे लग्न आहे. हल्लीची मुलं रक्तगट विचारतात, सगळ्या तपासण्या मागतात. लोकरीचे कपडे म्हणजे लग्नानंतर मनाली नाहीतर काश्मीर. मुलगा परदेशी नसला म्हणजे मिळवली. पण असला तरी मी काही बोलणार नाही, असं ठरवलं आहे. निदान पहिल्या दिवशी.

डोळे भरून आले लिहिताना. तिशी ओलांडली तरी मी कधी घाई केली नाही. बंकट टोचायचा, गंगासागर टोचायची. मी म्हणायचो, तिचं ती बघेल. बघितलं वाटतं.

११ एप्रिल

माझं वाक्य लंडनला जाणार!

सकाळी शिवगंगानं वाचून दाखवलं. इंग्रजीत आहे, मराठीत अर्थ असा: प्रत्येक प्रवासाआधी भट्टीवरचा एक अधिकारी नेमून ठेवावा आणि त्याला तसं कळवावं, जहाज सोडायची वेळ आली तर इतर उतरले तरी, कप्तानानं ठरवल्याप्रमाणे, जिवाला थेट धोका नसेल तोवर त्यानं भट्टीची देखरेख चालू ठेवावी आणि बदली अधिकाऱ्याकडे सूत्रं दिल्याशिवाय जागा सोडू नये.

"जिवाला थेट धोका नसेल तोवर" हे तिनं घातलं. मला ते जरा ढिलं वाटलं, पण म्हटलं ठीक आहे, ते त्यांच्या कायद्याचं असेल.

दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं. बंकट खास चहा प्यायला आला. "म्हंजे अण्णा, आता समुद्रातबी तुझाच फळा?" म्हणाला. मी म्हटलं, "समुद्राला तरी अक्कल आली, तुला कवा येणार बे?" पण चहा पाजला. दोनदा.

मसुदा एप्रिलअखेर जाणार आहे. तोवर गटातले लोक खोडाखोड करतील. शिवगंगा म्हणाली, "तुमचं वाक्य मी सोडणार नाही." किती गुणी लेकरू.

१५ एप्रिल

राहवलं नाही. गंगासागरच्या मावसभावानं लातूरचं एक स्थळ सुचवलं होतं, मुलगा शिवशरण, बँकेत अधिकारी. मी विचार केला, पोरीच्या मनात कुणी असेल तर या निमित्तानं तोंड उघडेल, आणि नसेल तर मुलगा वाईट नाही. फोन लावला. ते लोक येत्या रविवारी कपिलधारला दर्शनाला येणार आहेत. तिथंच भेटू म्हणाले. देवाच्या दारात, घरगुती. गंगासागरला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, आधी पोरीला विचारा की!"

"विचारायचं काय? दर्शनाला जायचंय."

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. बायकांना प्रत्येक गोष्टीत शंका.

१९ एप्रिल, रविवार

आज काय झालं ते लिहितो.

कपिलधारला धबधब्याच्या जागी नुसता ओला डाग होता कातळावर. दर्शन झालं. लातूरची मंडळी आली, सज्जन माणसं. मुलगा बोलायला चांगला. झाडाखाली सतरंजी अंथरून आम्ही बसलो. शिवगंगाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग त्या मुलाकडे वळून नमस्कार केला आणि अगदी सरळ म्हणाली, "माफ करा, तुमचा वेळ गेला. मी तीन वर्षांसाठी बाहेर चालले आहे. घरी अजून सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

मुलगा उमदा. हसला, "कुठे?" म्हणाला. आणि मग मला, तिच्या बापाला, त्या परक्या मुलाला दिलेल्या उत्तरातून सगळं कळलं. उत्तरेकडच्या एका थंड देशात अणुशक्तीवरचं मालवाहू जहाज बांधताहेत. त्याच्या पहिल्या तुकडीत भट्टीवर इंजिनियर म्हणून हिची निवड झाली आहे. आधी प्रशिक्षण, मग जहाज. होकार एप्रिलअखेर कळवायचा आहे.

तपासण्या त्याच्या. लोकर त्याची. भाषा त्याची.

परतताना गाडीत माझ्या मनात एकच चाललं होतं. भट्टीवरचा अधिकारी. आधी नेमलेला. बदली आल्याशिवाय जागा सोडू नये.

घरापाशी उतरल्यावर मी विचारलं, "ते वाक्य. जो मागं ऱ्हायचा. तो तू?"

"पाळी असेल तेव्हा मी."

"आणि तू मलाच इच्यारलंस?"

"तुम्हालाच विचारायचं होतं, अप्पा."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. अर्धी गल्ली दारात आली.

२० एप्रिल

बोललो नाही. जेवलो नाही. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली, मग घाबरून गंगासागरला सांगितलं. तिनं डॉक्टरांना फोन केला. पडून राहा म्हणाले.

२१ एप्रिल

गंगासागरला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाली, "ती तुमाला सांगायलाच आलती. तुमी रोज तिच्याफुडं छाती फुगवून म्हनायचा, मानूस जाग्यावरच ऱ्हायला पायजे. तिला वाटायचं, अप्पांनी परवानगी देऊन टाकली. परत वाटायचं, अप्पांना ठावंच न्हाई कशाला दिली."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की. रोज वाटतं. ती पयल्यांदा जहाजावर गेल्ती तवापासनं वाटतं. तुमाला आत्ता वाटाया लागलं."

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. पोरीचे डोळे सुजलेले. मी म्हणालो, "ते वाक्य बदल. 'शक्य असल्यास' घाल. 'शक्य असल्यास जागा सोडू नये.'"

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "घालते. पण दुरुस्तीला कारण द्यावं लागतं. काय लिहू? 'सूचकाची मुलगी जहाजावर आहे'?"

मी लॅपटॉप परत तिच्याकडे वळवला.

"तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही, अप्पा. खरंच. पण मग माझ्या जागी जी जाईल तिच्यासाठी तुमचंच वाक्य राहू द्या."

मी खाली आलो. माझी पोर माझ्यासारखीच निघाली, हे आयुष्यभर अभिमानानं सांगत आलो. आज पहिल्यांदा वाटलं, थोडी कमी निघाली असती तर बरं झालं असतं. माझा तिच्यावर फार जीव आहे आणि मला ती जवळ हवी आहे, मुंबईत, नाहीतर लातूरला, कुठेही, पण जिथं एसटीनं जाता येतं तिथं. हे मी तिला बोललो नाही. इथं लिहिलं.

२४ एप्रिल

छबुबाईला वडवणीच्या दवाखान्यात भरती केलं आहे. सलाइन चालू आहे. वाचेल म्हणतात.

सकाळी फळ्यावर तिचं नाव होतं. दुपारी बदली बंकट. बंकटच्या मेव्हण्याकडे परळीला साखरपुडा होता, तो तिकडे गेला. त्याला वाटलं मी दुसरं कुणी पाठवीन. मी तर चार दिवस घरातच तोंड लपवून बसलेलो, छावणीकडे फिरकलो नव्हतो. कुणी पाठवलं नाही. हौदावर सावली नाही. दोन-तीन बायांनी तिला म्हटलं, छबुबाई चल, झाडाखाली बस. ती हलली नाही. ऊन उतरायच्या वेळी कॉकच्या शेजारी आडवी झालेली सापडली. हौद भरलेला होता. सगळी जनावरं पाजून झालेली होती.

निरोप येताच आम्ही धावलो, गाडी मीच चालवली. मागच्या सीटवर तिचं डोकं शिवगंगाच्या मांडीवर होतं. पोर ओला पदर तिच्या मानेवर, काखेत फिरवत होती, एकसारखी बोलत होती. एकदाही घाबरली नाही. आरशात मी तिच्याकडे बघत होतो. खड्डे चुकवायचे सोडून बघत होतो.

२५ एप्रिल

छबुबाई शुद्धीवर आहे. मी कॉटशेजारी स्टुलावर बसलो आणि रागावलोच. "छबुबाई, कावून बसलीस त्या उन्हात? जीव गेला असता की!"

ती हळू आवाजात म्हणाली, "आण्णा, तुमीच म्हनला व्हता. बदली आल्याबिगर हलायचं न्हाई."

"अगं, पण बदली आलीच न्हाई ना!"

"म्हनून तर बसले."

मग म्हणाली, "माज्या गाईला पाजलं का कुनी सांच्याला?"

बंकट दवाखान्याच्या दारात उभा होता. आत यायची त्याला हिंमत होत नव्हती. मी त्याच्यावर ओरडायला म्हणून बाहेर आलो. त्याचं तोंड बघितलं आणि ओरडायचं राहून गेलं. तोच म्हणाला, "अण्णा, गाईला मी पाजलं. रोज पाजीन." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चूक त्याची होती, आणि माझीही होती. मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, बसणाऱ्यानं काय करायचं. त्याला उठवायला कुणी जायचं, हे कुठं लिहिलं होतं?

२६ एप्रिल

सकाळी छावणीत सभा घेतली. फळ्यावर आता दोन नावं. एक पाण्यावर बसणाऱ्याचं, दुसरं त्याच्याकडे बदली घेऊन जाणाऱ्याचं. बदली माणूस आला नाही तर या दुसऱ्यानं स्वतः जाऊन बसायचं. हौदावर मांडव. सूचक मी, अनुमोदक बंकट. कुणी वाद घातला नाही.

मग घरी आलो, पाय धुतले आणि थेट गच्चीवर गेलो. शिवगंगा मसुद्यावरच बसली होती. परवा पाठवायचा आहे म्हणाली. माझ्याकडे बघून तिनं हात थांबवले. तिला वाटलं, मी आता हो की नाही ते सांगणार.

मी ते सांगितलंच नाही. म्हणालो, "लिहून घे. जो मागं ऱ्हाईल त्याला एकटं ठेवायचं न्हाई. दोघं ठेवायची. त्यांना परत आणायची जिम्मेदारी जहाजाच्या मालकाची, आणि मालक पळाला तर ज्या देशाचा झेंडा लावलाय त्या देशाची. बदली कवा पोचणार ते जहाज निघायच्या आधीच ठरवायचं. आणि बदली पोचली न्हाई तर कोण जाणार, त्येबी आधीच ठरवायचं."

ती टाइप करत नव्हती. नुसती बघत होती.

"लिही की!"

"अप्पा..."

"आणि तिथं थंडी लई असंल तर ती टोपी बारीक हाय. कान उघडे ऱ्हातात. दुकानात लोकर न्हाई, पण परळीहून मागवतो. गंगासागर विणून देईल."

पोरीनं तोंड ओंजळीत धरलं. लहानपणी रडताना धरायची तसंच. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. मी पण रडलो. खालून गंगासागर जेवायला हाका मारत होती आणि आम्ही दोघंही ओ देत नव्हतो.

मग तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि लॅपटॉपवर पानं मागं सरकवली. "अप्पा, खरं सांगू? दोघं ठेवायचं, बदलीची वेळ, मालकाची जबाबदारी, हे सगळं मसुद्यात आधीच आहे. वेगळ्या प्रकरणात. मी तुमचं वाक्य लिहिलं त्याच दिवशी घातलं होतं. फक्त तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं."

"आधीच हाय?"

"हो."

मी खाली बसलो.

"असू दे," मी म्हणालो. "दोनदा लिही."

तिनं लिहिलं. मी खाली जाऊन चष्मा आणला आणि तिच्या शेजारी बसून ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. इंग्रजी होतं, मला अर्धंच कळलं, तरी वाचलं.